चाळणीवर उरलेलं

गिरणीचा पट्टा सुरू झाला की आतलं सगळं थरथरायला लागायचं. भिंतीवरचं घड्याळ, फळीवरचे डबे, माठावरचं झाकण, सगळं. त्या थरथराटाच्या वरून ऐकू जाईल असा आवाज गल्लीत एकच होता, तो गिरणीवालीचा. तीस वर्षं मोटारीवर मात करत बोलल्यामुळे गिरणी बंद असतानाही ती त्याच पट्टीत बोलायची. शेजारणीला गुपित सांगायला वाकली, तर कोपऱ्यावरचा सायकलवाला तिथूनच "काय सांगतेस!" म्हणायचा. म्हणून तिचं नाव पडलं भोंगामावशी. तोंडावर कुणी म्हटलं तरी तिला राग यायचा नाही. "मग? भोंग्याशिवाय कुठली पाळी सुटते का?" असं तीच विचारायची.

तिचा थाट बघायचा तर सकाळी नऊला. दारातून उन्हाचा एक तिरपा पट्टा आत यायचा, त्यात पीठ तरंगत असायचं आणि त्या झोतात नेमकी मधोमध ती उभी. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नाकाचा शेंडा पांढरा. पडदा वर जायच्या आधी रंग लावून तयार असावी तशी. डावा हात दगडांचं अंतर कमीजास्त करणाऱ्या चाकावर, उजवा हात पिठाच्या धारेखाली. अंगठा आणि दोन बोटं यांच्यामध्ये पीठ चोळायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि चाक केसभर फिरवायचं. एवढंच. पण त्या केसभर फिरवण्यावर गल्लीचा विश्वास होता. पाकिटातलं पीठ दुकानादुकानांत लटकायला लागल्यावरही तिच्या दारातली डब्यांची रांग हटली नव्हती.

आणि तिचा एक नियम होता. तो दारावरच्या भिंतीवर तांबड्या रंगात लिहिलेला: ज्याचं धान्य, त्याचंच पीठ. कुणाचा दाणा कुणात मिसळायचा नाही. एकदा घाईत दोन घरांचे गहू मूठभर एकत्र झाले, तर तिने दोघांनाही आपल्या घरचे गहू दळून दिले होते आणि वर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी माफी मागितली होती. तिला हळू मागता आली नसती, हा भाग वेगळा.

समोरच्या खोलीत तिची भाची राहायची. बहीण गेली तेव्हा ही पोर सात वर्षांची होती. मावशीनेच तिला वाढवलं, डब्यांच्या रांगेत बसवून अक्षरं गिरवून घेतली. मोठेपणी तिने शिवणयंत्र घेतलं. आता गल्लीतले शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, फाटलेल्या विजारी सगळं तिच्या हातून जायचं. गिरणीच्या तोंडाला जी लांब कापडी बाही बांधलेली असते, जिच्यातून पीठ न उडता डब्यात उतरतं, ती दर वर्षी तीच शिवून द्यायची. नवरा दूर कुठे रस्त्याच्या कामावर, चार महिन्यांनी यायचा. घरात ती आणि तिची दोन वर्षांची मुलगी. एवढीशी, गोल डोळ्यांची, सदा चिंध्यांच्या ढिगात हरवलेली. तिला सगळे बटण म्हणायचे.

बटणाचं वजन गिरणीतच व्हायचं. दर बुधवारी दवाखान्यातली नर्सबाई यायची. गल्लीत आढ्याला मजबूत आकडा फक्त गिरणीत होता, पोती तोलायचा. त्याला काटा अडकवायचा, काट्याला कापडाची झोळी, झोळीत पोर. मोटार तेवढा वेळ बंद. पोरं झोळीत लटकून बेंबीच्या देठापासून ओरडायची आणि मावशी त्यांच्यापेक्षा मोठ्याने त्यांची समजूत घालायची.

त्या बुधवारी बटण ओरडली नाही. झोळीत नुसती बसून राहिली. नर्सबाईने काटा वाचला, मग तिच्या दंडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळली. पट्टीवर तीन रंग असतात. हिरवा आला की बरं, तांबडा आला की दवाखाना. बटण पिवळ्यात होती, आणि तांबड्याला टेकायला जेमतेम दोन रेघा उरल्या होत्या.

"खाते काय ही?" नर्सबाईने विचारलं.

"पोळी," भाची म्हणाली. "दोन वेळा. आणि पिठाची लापशी. उपाशी नाही ठेवत मी तिला."

"उपाशी कोण म्हणालं, ताई? पोट भरतंय तिचं. अंग भरत नाहीये. नुसत्या पिठावर पोर बाळसं धरत नाही."

"डाळ काढते तोंडातून. अंडं दिलं तर थुंकते. मी काय तोंड शिवू तिचं?"

"तुझ्या हातात सुई आहे, नेम नाही बाई," मावशी म्हणाली. कुणी हसलं नाही.

नर्सबाईने पट्टी गुंडाळून खिशात ठेवली. "पोळी खाते ना, मग पोळीतच घाला. तीळ, भोपळ्याच्या बिया, असलं काही भाजून, बारीक करून पिठात. आधी चिमूटभर देऊन बघायचं, सोसतंय का. अख्खी बी मात्र पोराच्या हातात नाही द्यायची. डाळीचं पाणी, औषधाचे थेंब चालू ठेवा. दर बुधवारी मी बघणारच आहे. दीड महिन्यात हलली नाही तर मी स्वतः गाडीत बसवून मोठ्या दवाखान्यात नेणार. ऐकून घेणार नाही."

मावशीचे डोळे चमकले. "भोपळ्याच्या बिया! अगं, खाणावळवाला रोज टोपलीभर फेकतो. मी आत्ता…"

"नको," भाची म्हणाली. तिने बटणाला कडेवर घेतलं. "खाणावळीच्या उकिरड्यातलं माझ्या पोरीच्या ताटात नको. आमचं आम्ही बघू, मावशी." आणि रस्ता ओलांडून गेली.

आता मावशीचा स्वभाव असा, की 'नको' हा शब्द तिला ऐकू यायचा, पण तो शेवटचा शब्द आहे असं तिला कधी वाटायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती खाणावळीत गेली. भोपळे चिरणाऱ्याच्या शेजारी स्टूल टाकून बसली आणि बिया उकिरड्यात पडायच्या आधीच आपल्या पातेल्यात घेतल्या. घरी आणून गर धुतला, पत्र्यावर वाळवल्या, सोलल्या. सोलता सोलता दोन नखं गेली. वाण्याकडून तीळ घेतले. दोन्ही भाजून, गार करून, एक शेर बिया तिने ऐटीत गिरणीत ओतल्या.

गहू कोरडा असतो. बीच्या पोटात तेल असतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण तीस वर्षांत कधी दगडाखाली घालायची वेळ आली नव्हती. पाच मिनिटांत दगडांचा सूर बदलला. घरघर जाऊन कण्हल्यासारखं काहीतरी यायला लागलं. बाहीतून पिठाऐवजी काहीच उतरेना. मग पट्ट्याचा जळका वास आला.

"बंद कर, बंद कर!" रांगेतला सायकलवाला ओरडला.

वरचा दगड उचलला तेव्हा खालच्या दगडावर करड्या रंगाचा बोटभर जाड लपका बसला होता. दगडांच्या खाचा बुजून गुळगुळीत. चार डबेवाले हात बांधून उभे, आणि मावशी मांडी घालून तारेच्या ब्रशने दगड खरवडतेय.

"मावशी, चटणी वाटायला घेतलीस का?"

"हो. तुझ्यासाठीच. जीभ आण इकडे."

पण मनातल्या मनात तिने धडा घेतला. पुढच्या वेळी बिया थोड्या घेतल्या, दगडांमध्ये अंतर ठेवलं, आणि चुरा जाडसरच काढला. दगड चिकटले नाहीत. मागून मूठभर गहू फिरवून दगड पुसून काढले. चुऱ्याचा वास असा खमंग, की तिने स्वतः चिमूटभर तोंडात टाकला आणि विजयी मुद्रेने मोटारीकडे बघितलं.

शनिवारी भाचीचा डबा दळायला आला. मावशीने गहू दळले. मग दाराकडे पाठ केली. वर भिंतीवर तांबडी अक्षरं होती, त्यांच्याकडे बघितलं नाही. चार मुठी चुरा तिने डब्यात घातला, हात कोपरापर्यंत बुडवून कालवला आणि झाकण लावलं.

"आपल्याच पोरीचं आहे," ती स्वतःशी म्हणाली. बरं तर बरं, मोटार चालू होती. नाहीतर गल्लीने ऐकलं असतं.

तीन शनिवार असं चाललं. मावशी खुशीत होती. बटण दारात आली की तिचे गाल लांबूनच निरखायची. "भरतायत, भरतायत," असं मनाशी म्हणायची. बुधवारी काटा पुढे सरकला नाही, तरी "अंगात मुरायला वेळ लागतो" असं तीच नर्सबाईला ठासून सांगायची. नर्सबाईला कळेना, ही कशाबद्दल बोलतेय.

तिसऱ्या बुधवारी नर्सबाईने पट्टी दोनदा लावली. एक रेघ खाली. तांबड्याला आता एकच उरली होती.

"असं कसं?" मावशीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. इतका, की नर्सबाईने वळून बघितलं.

"दोन आठवडे," नर्सबाई भाचीला म्हणाली. "नाहीतर गाडी."

भाचीने मान हलवली. झोळीतून पोर काढताना तिच्या बोटांना गाठ सुटेना, आणि गाठी सोडणं तर तिचा रोजचा धंदा.

त्या दुपारी मावशीला गिरणीत चैन पडेना. तिने मोटार बंद केली आणि रस्ता ओलांडला. भाचीच्या दारात घरमालकीण बसली होती, मांडीवर आपली तांबडी कोंबडी घेऊन. कोंबडी अशी गुबगुबीत, की मांडीत मावत नव्हती.

"ये, मावशी," घरमालकीण म्हणाली. "बघ कशी फुगलीय माझी राणी. तीन आठवडे झाले, रोज अंडं. एक दिवस खाडा नाही."

"काय घालतेस एवढं?"

"मी कुठे घालते? तुझ्या भाचीची कृपा. पीठ चाळून वरचं टाकते ना दारात. ही नुसती तुटून पडते. दुसऱ्या कुणाकडे बघत नाही."

मावशी दारातच थांबली. आत शिवणयंत्राच्या बाजूला परात होती. परातीवर ताणून बांधलेलं पातळ व्हॉइलचं कापड, पोलक्याच्या अस्तरातून उरलेलं. त्यावर पीठ. भाची बोटांनी हलकेच थापट्या देत होती. पांढरंशुभ्र, रेशमासारखं पीठ खाली उतरत होतं. आणि वर कापडावर उरत होते करडे, हिरवट कण. तीळ. भोपळ्याच्या बिया. खाणावळीतलं स्टूल, वाळवण, दोन नखं. सगळं तिथे वरच उरलेलं.

"हे काय करतेस?" मावशीने विचारलं.

भाची दचकली. कापड झटकन गोळा करायला गेली, पण उशीर झाला होता. "काही नाही. नेहमीचंच."

"नेहमी तू चाळत नाहीस. माझं पीठ चाळावं लागत नाही."

भाचीने नजर खाली घातली. "हल्ली लागतं," ती हळूच म्हणाली. "तीन आठवडे झाले. कोंडा फार येतो. मला वाटलं… मावशी, तुझी नजर कमी झालीय ना? बोटांनाही कळत नसेल पूर्वीसारखं. मी म्हटलं, बोलायचं कशाला. तुला वाईट वाटलं असतं. गल्लीत कळलं असतं. म्हणून मी गुपचूप चाळून घेते."

बाहेर कोंबडी समाधानाने आवाज करत होती.

मावशी मटकन उंबऱ्यावर बसली. आयुष्यात तिला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. आता लागले.

"कोंडा नाही तो," ती म्हणाली. "बिया आहेत. मी घातल्या. तू नको म्हणालीस तरी घातल्या. तीन शनिवार. तुला न सांगता."

भाची बघत राहिली. आधी मावशीकडे, मग कापडाकडे, मग दारातल्या कोंबडीकडे. एकेक गोष्ट तिच्या चेहऱ्यावर जागेवर बसताना दिसत होती.

"म्हणजे माझ्या पोरीचं…" तिचा आवाज चढला. मावशीचीच भाची ती. "माझ्या पोरीचं खाणं मी तीन आठवडे कोंबडीला घालतेय? माझ्या हाताने? आणि तू समोर बसून बघतेयस?"

"मला काय माहीत, तू चाळतेस!"

"आणि मला काय माहीत, तू घालतेस! भिंतीवर काय लिहिलंयस, मावशी? रंग कशाला फासलास? लहान असताना त्या अक्षरांवरून वाचायला शिकले मी!"

तेवढ्यात नर्सबाई परतीच्या वाटेवर होती. आवाज ऐकून थांबली. आवाजच तसा होता म्हणा, अर्धी गल्ली थांबली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसायच्या ऐवजी तिचा चेहरा कडक झाला.

"न सांगता घातलंस?" ती मावशीला म्हणाली. "मी चिमूटभर देऊन बघायला सांगितलं होतं. काही पोरांना तीळ सोसत नाहीत. अंगावर पित्त उठतं, श्वास अडकतो. तसं झालं असतं तर हिला कळलं तरी असतं का कशाने झालं? मला कळलं असतं? तुझ्या प्रेमाला झोळीत बसवून वजन करता येत नाही, मावशी."

मावशीने मान खाली घातली. मग उठली, रस्त्याच्या मधोमध गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला माफी मागायची एकच रीत माहीत होती.

"ऐका रे सगळे! मी भाचीच्या पिठात न विचारता बिया घातल्या! नियम मी लिहिला आणि मीच मोडला! तिची नजर साफ आहे, माझीही साफ आहे, अक्कल तेवढी कमी पडली!"

"हे शेवटचं आम्हाला माहीत होतं!" कोपऱ्यावरून सायकलवाला ओरडला. सगळे हसले. भाची हसली नाही, पण दारातून बाहेर आली.

"चल," ती म्हणाली. "गिरणी चालू कर. आता माझ्यासमोर दळायचं. मी सांगेन तसं."

"तू म्हणालीस, उकिरड्यातलं…"

"म्हणाले होते. कोंबडीला चालतं, तर पोरीला का नाही?"

आधी नर्सबाईच्या समोर बटणाच्या लापशीत चिमूटभर चुरा घातला. दोन दिवस वाट बघितली. पुरळ नाही, काही नाही. उलट बटणाने वाटी पालथी घालून आत बघितलं. मग शनिवारी खरं काम. भाचीने गिरणीच्या ओट्यावर वाट्या मांडल्या: चार वाट्या गहू, एक वाटी भाजलेल्या बिया, आधीच हाताने कालवून. कोरड्याच्या संगतीत तेलकट गेलं की दगड कुरकुरत नाहीत, हे तिच्या डोक्यातून निघालं. अस्तराशिवाय पातळ कापड शिवलं की सुई ओढते, अस्तर लावलं की सरळ जाते, तसंच हे, असं तिचं म्हणणं. पहिल्यांदा जाडसर काढलं, दुसऱ्यांदा चाक केसभर फिरवून बारीक. मावशीने धारेखाली हात धरला, पीठ चोळलं, डोळे मिटले.

"दे इकडे," भाची म्हणाली. तिनेही चोळलं. दोघींनी एकदमच मान हलवली.

पीठ पांढरं नव्हतं. करडं, ठिपक्याठिपक्यांचं. भाचीने ते चाळलं नाही. आठवड्याला पुरेल एवढंच दळलं, कारण बियांचं पीठ ठेवलं की खवट होतं. आणि दळलं सगळ्यांत शेवटी, रांग संपल्यावर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या डब्यात कण जायला नको. रविवारी मावशीने दगड उचलून ब्रशने साफ केले.

पहिल्या बुधवारी काटा जेमतेम हलला. मावशी काही बोलली नाही. तोंडावर पदर दाबून उभी राहिली, हे सगळ्या गल्लीने पाहिलं आणि पुढे कितीतरी दिवस एकमेकांना सांगितलं.

दुसऱ्या बुधवारी मोटार बंद झाली, काटा आकड्याला अडकवला, झोळी बांधली. गाठ भाचीने बांधली, एका झटक्यात. बटणाला आत ठेवलं. बटणाने खाली बघितलं, वर बघितलं, नर्सबाईच्या हातातली पट्टी बघितली आणि बेंबीच्या देठापासून असा सूर लावला, की माठावरचं झाकण वाजलं.

"मावशीवर गेली," सायकलवाला म्हणाला.

नर्सबाईने काटा वाचला. परत वाचला. मग दंडाला पट्टी.

"अडीचशे ग्रॅम वर," नर्सबाई म्हणाली. "आणि पट्टीवर तीन रेघा. तांबड्यापासून लांब. हिरवा अजून दूर आहे, ताई. डाळीचं पाणी सोडायचं नाही, थेंब सोडायचे नाहीत. पण गाडी नको."

भाचीने पोर छातीशी धरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पोरीचं रडणं थांबलं तरी ती वळली नाही. मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीवर पाच बोटांचा पांढरा ठसा उमटला.

त्यानंतरच्या शनिवारी गिरणीच्या तोंडाला दुसरी बाही आली. पहिली पांढरी होती, ही शाळेच्या गणवेशातून उरलेल्या निळ्या कापडाची, फक्त बियांच्या दळणासाठी. वर बांधायला नाडीऐवजी एक मोठं लाल बटण. आणि भिंतीवर, तांबड्या अक्षरांच्या खाली, भाचीने खडूने एक ओळ लिहिली: बिया हव्यात तर सांगा. सांगितल्याशिवाय घालणार नाही. पहिल्या आठवड्यात तीन घरांनी सांगितलं. दुसऱ्यात सात. खाणावळवाला आता बिया वेगळ्या पातेल्यात ठेवायला लागला आणि त्याबद्दल वर ऐटही करायला लागला.

अशाच एका सकाळी, रांग दारापर्यंत आलेली, मोटार घरघरतेय आणि मावशीचा हात धारेखाली, तेव्हा घरमालकीण तांबडी कोंबडी काखेत मारून आली. कोंबडी बरीच सडपातळ झाली होती आणि रागावलेली दिसत होती.

"मावशी! हिने अंडी द्यायची थांबवली! आठ दिवसांत एक नाही! मी काय करू?"

भोंगामावशीने मोटार बंद केली नाही. तिला तशी गरजच नव्हती.

"तिला म्हणावं, रांगेत उभी राहा!" ती ओरडली. "डबा घेऊन!"